कागदीपुऱ्यापासून भेटकार्डापर्यंत : पुण्यातील हातकागद आणि सणांचे कागदकाम

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. तांबट, कुंभार, बुरूड यांच्या आळ्यांप्रमाणेच या पेठेत कागद करणाऱ्यांचीही एक वस्ती होती. कागदीपुरा हे तिचे नाव आजही टिकून आहे. हा व्यवसाय मुसलमान कागदी घराण्यांच्या हातात होता आणि त्याचा सांधा उत्तरेकडे जुन्नरशी जुळलेला होता. कुकडीकाठचे जुन्नर हे दख्खनमधील कागदाचे नामांकित ठिकाण. त्याहून जुने केंद्र दौलताबादजवळचे कागजीपुरा. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा उत्तरेतील कारागीर दख्खनमध्ये आले आणि त्यांच्याबरोबर ही कला आली, असे परंपरा सांगते. पुणे पेशव्यांच्या कारभाराचे केंद्र झाल्यावर कागदाची गरज अफाट वाढली. ताळेबंद, रोजकीर्दी, सनदा, हुकूम, हेरांची पत्रे, तीर्थक्षेत्रांचे हिशेब असे सारे कागदावर उतरत होते. जुन्नरी आणि दौलताबादी कागद त्यासाठी येत, आणि शहरातच नदीच्या आधाराने कागद तयार होऊ लागला.

नदी जवळ असणे या धंद्याला अत्यावश्यक होते. जुनी गोणपाटे, दोरखंड, ताग आणि रद्दी हा कच्चा माल. तो बारीक तोडून भिजवायचा, चुन्यात मुरवायचा, पायाने चालवायच्या जड लाकडी हातोड्याखाली कुटायचा, पुन्हा नदीवर नेऊन धुवायचा. धुणे-कुटणे असे अनेकदा करावे लागे, कारण धागा पूर्ण सुटून त्याचे तंतू झाल्याशिवाय कागद एकजीव होत नाही. तयार लगदा पाण्याच्या हौदात कालवला जाई. कारागीर हौदाशी बसून गवताच्या काड्यांची जाळी लावलेला चौकटीचा साचा पाण्यात बुडवी, हलकेच हिंदकळवून बाहेर काढी आणि जाळीवर राहिलेला ओला थर आधीच्या थरावर उलटा टाकी. थप्पी दाबून पाणी काढल्यावर एकेक ताव सोडवून भिंतीला चिकटवत. वाळलेल्या कागदाला पिठाची खळ दिली जाई आणि शेवटी गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने तो घोटला जाई. खळ आणि घोटाई या दोन गोष्टींमुळेच बोरूची शाई न फुटता कागदावर बसे आणि मोडीची धावती अक्षरे अडखळत नसत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. अडीचशे वर्षांपूर्वीचे त्यातले कितीतरी कागद आजही उलटून वाचता येतात, याचे श्रेय या चिवट तंतूंना आणि ते धुणाऱ्या हातांना द्यायला हवे.

सणाच्या निमित्ताने कागद पाठवण्याची मराठी रीतही याच दप्तरांत सापडते. संक्रांतीला सरदार, मुत्सद्दी आणि आप्त एकमेकांना तीळशर्करा पाठवत आणि सोबत पत्र असे. दसऱ्याला आपट्याचे सोने पत्रातून जाई. मजकूर ठरीव साच्याचा असला तरी पत्राला मोल होते. दूर छावणीत असलेल्या माणसाला ते घरची आठवण पोचवी आणि बिघडलेल्या नात्यांतही बोलणे सुरू ठेवण्याची एक सभ्य वाट त्यामुळे उघडी राही. मानाच्या पत्रांसाठी सोन्याचा वर्ख शिंपडलेला कागद वापरला जाई. आजच्या भेटकार्डांचा उगम बहुतेक वेळा इंग्लंडमध्ये शोधला जातो आणि छापील कार्डाच्या बाबतीत ते खरेच आहे. लंडनमध्ये हेन्री कोल याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून १८४३ मध्ये नाताळचे पहिले व्यापारी कार्ड करून घेतले. मात्र सणाला गोड पदार्थ आणि चार ओळी एकत्र पाठवण्याची पुणेरी पद्धत त्याहून जुनी आहे. पुढे दोन्ही प्रवाह एकत्र आले, ते टपालामुळे.

१८५४ मध्ये भारतभर अंतर न पाहता एकाच दराने, अर्ध्या आण्यात, पत्र जाऊ लागले. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. सरदार-दरकदारांपुरती असलेली सणाच्या पत्राची चाल त्यामुळे शाळामास्तर, कारकून आणि नोकरीनिमित्त परगावी गेलेल्या मुलांपर्यंत पोचली. संक्रांतीला पाकिटात हलव्याचे चार दाणे घालून पाठवणे हा मध्यमवर्गीय घरांचा रिवाज बनला. छापखान्यांनी ही गरज ओळखली आणि तिळगुळाची लहान कार्डे बाजारात आली. रंगीत चित्र, खाली दोन ओळींचा मजकूर आणि हलव्यासाठी छोटी पुडी असे त्यांचे रूप असे. मराठी सणांच्या कार्डांत हे कार्ड सर्वांत अस्सल म्हणावे लागेल, कारण त्याचा आकार आणि उपयोग दोन्ही इथल्या रिवाजातून आले.

ज्या काळात टपाल वाढले त्याच काळात हातकागद मात्र मागे पडला. बंगालमधील बाली आणि टिटागड, तसेच लखनऊ येथे यंत्राच्या गिरण्या निघाल्या. पुण्याजवळ मुंढव्यालाही १८८० च्या दशकात कागदाची गिरणी उभी राहिली. सरकारी कचेऱ्यांनी गिरणीचा कागद घेण्यास सुरुवात केली आणि तुरुंगांत कैद्यांकडून करवून घेतलेला स्वस्त कागदही बाजारात उतरला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये कागदीपुऱ्यातल्या धंद्याची नोंद आहे, पण त्याला लागलेली ओहोटी तेव्हाच सुरू झाली होती. लिहिण्याच्या कागदाची बाजारपेठ गेली. व्यापाऱ्यांच्या वह्या आणि धार्मिक पोथ्यांपुरता हातकागद काही काळ तगला. पुढच्या पिढ्यांनी दुसरे उद्योग धरले आणि पेठेच्या नकाशावर फक्त नाव राहिले.

गिरणीचा स्वस्त, रंगीत आणि पातळ कागद हाती येताच घराघरांतले सणाचे कागदकाम मात्र फुलले. या कामाचा इतिहास कोणत्याही दप्तरात बांधून ठेवलेला नाही. तो वस्तूंच्या रूपांत आणि करण्याच्या पद्धतींत शिल्लक आहे. आकाशकंदील हे त्याचे सर्वांत देखणे उदाहरण. बांबूच्या कामट्या तासून एकाच मापाचे चौकोन बांधायचे, ते कोपऱ्यावर उभे करून शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याशी जोडत वर्तुळ पुरे करायचे, म्हणजे वर-खाली मधल्या जागी आपोआप त्रिकोण तयार होतात. भूमितीच्या पुस्तकात घनअष्टफलक म्हणून ज्याची आकृती येते, त्याच कुळातला हा सांगाडा. सुतळीच्या गाठींवर तो उभा राहतो आणि खिळा लागत नाही. त्यावर पतंगी कागद ताणून लावायचा, कडांना सोनेरी पट्टी, खाली कातरलेल्या झिरमिळ्या आणि शेपट्या. चिकटवण्यासाठी मैद्याची किंवा कणकेची खळ शिजवत आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत. पूर्वी आत पणती किंवा दिवा असे, म्हणून वरचे तोंड मोकळे ठेवावे लागे. विजेचा दिवा आल्यावर करंजीच्या, चांदणीच्या, लंबगोल आकारांना मोकळीक मिळाली.

बांबू आणि कागद यांची हीच जोडी मोहरमच्या ताबुतांतही होती. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात ताबुतांच्या मिरवणुका मोठ्या असत आणि त्यांत हिंदूही सामील होत. कामट्यांचा सांगाडा, रंगीत कागदाच्या जाळ्या, बेगड आणि अभ्रकाची चमक यांतून मजल्यामजल्यांचे ताबूत उभे राहत. १८९३–९४ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ आले आणि रस्त्यावरच्या सजावटीची मागणी तिकडे वळली. मखरे, कमानी, पताका आणि कागदी फुलांच्या माळा यांत लागणारे हातचे कौशल्य दोन्हीकडे सारखेच आहे. सणांची नावे वेगळी असली तरी पेठांमधली कात्री आणि खळ सामाईक होती. पुण्याच्या कारागिरीच्या इतिहासात हे ठळकपणे सांगितले जात नाही, ते सांगायला हवे.

घरातल्या स्त्रियांनी यात घातलेली भर वेगळ्या प्रकारची होती. चित्रशाळा छापखाना विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यात काढला. देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत शिळाछापाची चित्रे त्यातून घरोघर गेली. पुढे मुंबईत सुरू झालेला राजा रविवर्म्यांचा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला आला आणि अशा चित्रांचा पूरच लोटला. छापील देवीला खऱ्या जरीचे तुकडे, टिकल्या आणि मणी चिकटवून साडी-दागिने चढवायचे, मग ती चौकटीत बसवायची, हे काम स्त्रिया दुपारच्या वेळात करत. छापलेली वस्तू जशीच्या तशी न स्वीकारता तिच्यावर आपला हात फिरवण्याची ही ओढ आजच्या हस्तनिर्मित कार्डातही दिसते. श्रावणात भिंतीवर लावायचा जिवतीचा कागद, नागपंचमीचे नागाचे चित्र, रुखवतातली कागदी बाग आणि बाहुल्या, तान्ह्या बाळाच्या बोरन्हाणासाठी पुठ्ठ्यावर किंवा तारेवर बांधलेले हलव्याचे दागिने असा वर्षभराचा एक क्रमच तयार झाला.

हातकागद पुन्हा उभा राहिला तो स्वदेशीच्या विचारातून. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली मेलेल्या किंवा मरणपंथाला लागलेल्या ग्रामोद्योगांवर प्रयोग सुरू झाले. कागद त्यांपैकी एक. या कामात के. बी. जोशी यांनी स्वतःला वाहून घेतले. गृहोद्योग म्हणून कागद कसा करावा यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक संघाने प्रसिद्ध केले. त्याच दशकात अमेरिकन कागद-अभ्यासक डार्ड हंटर भारतात हिंडून जुन्या कागदीवस्त्या पाहत होता. त्याचे हाताने कागद करण्याच्या भारतीय पद्धतीवरील पुस्तक १९३९ मध्ये निघाले, तेव्हा ही कला त्याला अखेरच्या घटका मोजताना दिसली होती. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात हातकागद संस्था स्थापन झाली. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या परिसरालगत ती आहे आणि तिथल्या रस्त्याला के. बी. जोशी यांचेच नाव दिलेले आहे.

कागदीपुऱ्यातला कागद आणि या संस्थेतला कागद यांत मूळ क्रिया एकच असली तरी साधने बदलली. गोणपाटाच्या जागी सुती चिंध्या आणि कापड कारखान्यांतली कात्रणे आली. कुटण्यासाठी पायाच्या हातोड्याऐवजी हॉलंडर नावाचे यंत्र आले. लांबट हौदात फिरणारा दातेरी रूळ चिंध्या फाडून त्यांचे तंतू मोकळे करतो. गवताच्या जाळीऐवजी धातूची जाळी, भिंतीऐवजी दोऱ्यांवर वाळवण, खळीऐवजी राळ आणि तुरटी, घोटण्याऐवजी रुळांचा दाब असा हा बदल झाला. ताव उचलण्याचे काम मात्र हातानेच होते आणि त्यातच या कागदाचे वैशिष्ट्य आहे. गिरणीत लगदा धावत्या जाळीवर पडतो, त्यामुळे बहुतेक तंतू एकाच दिशेला लागतात. असा जाड कागद आडव्या दिशेने दुमडला की तडकतो. हाताने साचा हलवताना तंतू सर्व दिशांना विणले जातात. म्हणून हातकागद कसाही दुमडला तरी घडी स्वच्छ पडते. शिवाय चारही बाजूंना साच्यात तयार झालेली नैसर्गिक, विरलेली कड राहते. भेटकार्डासाठी हे दोन्ही गुण नेमके उपयोगाचे ठरले.

भारतीय संविधानाची सुलेखित हिंदी प्रत ज्या कागदावर लिहिली गेली तो पुण्याच्या या केंद्रातला. वसंत कृष्ण वैद्य यांचे अक्षर आणि नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांची चित्रसजावट त्या तावांवर आहे. संस्थेच्या इतिहासातला हा सर्वांत अभिमानाचा प्रसंग. तरीही तिचे रोजचे पोट अशा कामांवर भरणारे नव्हते. लिहिण्या-छापण्याच्या कागदात गिरणीशी स्पर्धा करणे पहिल्यापासून अशक्य होते. तग धरता आली ती गिरणीला न जमणाऱ्या वस्तूंमुळे : जलरंगाचे कागद, प्रमाणपत्रांचे ताव, फायली, पाकिटे, दैनंदिन्या, लग्नपत्रिका आणि शुभेच्छापत्रे. १९५७ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोग स्थापन झाल्यावर हातकागदाला सरकारी आधार मिळाला आणि खादी भांडारांमधून या वस्तू विकल्या जाऊ लागल्या. लगद्यात झेंडूच्या पाकळ्या, गवत, चहाचा चोथा, केळीचे सोप किंवा रंगीत रेशमी धागे मिसळून केलेले कागद तर केवळ पाहण्यासाठीच घ्यावेसे वाटत. कारभाराचा कागद म्हणून मेलेली वस्तू सणाचा कागद म्हणून जगली, असा हा प्रवास आहे.

कार्डे घरी करण्याची सवय लावली ती शाळांनी. १९३७ च्या वर्धा परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली आणि हाताने वस्तू करणे हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. महाराष्ट्रातल्या शाळांत कार्यानुभव आणि चित्रकलेच्या तासाला दिवाळीपूर्वी आकाशकंदील आणि शुभेच्छापत्रे हा ठरलेला पाठ झाला. पुण्यात मुख्यालय असलेल्या बालभारतीने १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले आणि कृती, कोडी व हस्तकला यांना मुलांच्या वाचनात हक्काची जागा मिळाली. साहित्यासाठी अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी ही ठिकाणे पुरेशी होती. घोटीव कागद, क्रेप, पतंगी, मार्बल, जिलेटीन आणि कार्डशीट ही नावे मुलांना पाठ असत.

या काळातल्या कार्डांच्या युक्त्या साध्या होत्या आणि म्हणूनच टिकल्या. पान किंवा कागदी आकृती कार्डावर ठेवून जुन्या टूथब्रशने रंगाचे शिंतोडे उडवले की मधला आकार कोरा उमटतो. आडव्या कापलेल्या भेंडीचा ठसा फुलासारखा येतो आणि बटाट्यावर पणती कोरता येते. रंगात भिजवलेला दोरा घडीच्या कागदात ठेवून ओढला की दोन्ही बाजूंना सारखे वेल उमटतात. पाण्यावर तेलरंगाचे थेंब सोडून काडीने हलवायचे आणि कागद अलगद टेकवून उचलायचा, म्हणजे संगमरवरी नक्षी मिळते. वहीत दाबून वाळवलेली पाने आणि पेन्सिलीचे गोल सोलपट यांची फुले करून चिकटवत. कार्ड उघडताच उभी राहणारी पणती किंवा घर हा जरा वरच्या यत्तेचा प्रकार. घडीवर दोन समांतर काप देऊन मधली पट्टी आत ढकलली की पायरी तयार होते आणि तिच्यावर आकृती चिकटवायची. येथे हातकागदाची ती न तडकणारी घडी विशेष कामी येते.

घडीकामाचा प्रवाह वेगळ्या वाटेने आला. होडी, विमान, बेडूक, भिरभिरे या घड्या मुलांना आजीकडून मिळत. त्यामागे शिक्षणाचा विचार आला तो जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याच्या बालोद्यान पद्धतीतून. त्या पद्धतीच्या साहित्यावरून सुचून टी. सुंदरराव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे पुस्तक १८९३ मध्ये मद्रासला प्रसिद्ध केले, ते जगभर गाजले. पुण्यात हा धागा आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेने पुढे नेला. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून तिची वास्तू झाली. अरविंद गुप्ता यांनी २००३ ते २०१४ या काळात तिथे रद्दी, काड्यापेट्या आणि वर्तमानपत्रांतून खेळणी करून हजारो मुलांना विज्ञान दाखवले. कागदाची टोपी, फिरणारा षट्कोन, फडफडणारा पक्षी हे सारे फुकटच्या कागदातून. ओरिगामीप्रेमींचे ‘ओरिगामी मित्र’ हे मंडळही शहरात ‘वंडरफोल्ड’ प्रदर्शने भरवत आले आहे. नाताळात कॅम्पातल्या खिडक्यांत टांगलेल्या कागदी चांदण्या आणि दिवाळीचे घडीचे कंदील यांत आता तंत्राचा फरक उरलेला नाही.

एकविसाव्या शतकात छापील भेटकार्डाला मोबाइल फोनने जवळजवळ संपवले. संदेश फुकट आणि तत्काळ जाऊ लागल्यावर दुकानांतली कार्डांची लांब मांडणी आक्रसत गेली. त्याआधी आकाशकंदिलात प्लास्टिकने आणि मखरात थर्माकोलने कागदाची जागा घेतली होती. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली, तेव्हा मखरांसाठी पुठ्ठा आणि कागद पुन्हा पुढे आला. घडी करून ठेवता येणारी, दरवर्षी वापरता येणारी पुठ्ठ्याची मखरे बाजारात दिसू लागली. कामट्यांचे कंदील करायला शिकवणारे वर्ग दिवाळीपूर्वी भरतात. हातकागदावरची लग्नपत्रिका मागणारी कुटुंबेही आहेत, आणि लगद्यात तुळशीचे किंवा झेंडूचे बी घालून केलेले, वाचून झाल्यावर कुंडीत पेरता येणारे कार्ड हा त्यातला अलीकडचा प्रकार. तिळगुळाच्या पुडीचे छोटे कार्डही संक्रांतीच्या आठवड्यात पेठांतल्या दुकानांतून अजून मिळते.